भर पावसात पिल्लू घरी आलंय: रात्रीचं रडणं, तुळशीपुढची शू आणि पोदेराचा भोंगा

शेवंती | ९ जुलै, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढते आहे. दोन रात्री झोप नाही आणि घरात सगळ्यांची तोंडं चार दिशांना.

आम्ही फोंडा तालुक्यात कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) कडेला जुन्या घरात राहतो. सासूबाई, आम्ही दोघं आणि नऊ वर्षांची लेक. रविवारी लेक बाबाबरोबर बाजारात गेली होती. तिथे भाजीवालीच्या फळीखाली, तांबड्या भाजीच्या जुड्यांआड एक पिल्लू भिजून कुडकुडत बसलेलं. आई ट्रकखाली गेली, बाकीची पिल्लं कुणी कुणी नेली, ही एकटी राहिली असं भाजीवालीने सांगितलं. लेकीने उचललं ते खाली ठेवलंच नाही. रंगही तांबूस, म्हणून नाव तांबडी. दवाखान्यात दात बघून सात आठवड्यांची असेल म्हणाले. वजन पावणेदोन किलो. जंताचं औषध दिलंय, पहिली लस शनिवारी.

आता अडचणी सांगते.

रात्री पडवीत गोणपाटावर झोपवतो. दिवा मालवला की रडायला लागते, ते पहाटेपर्यंत. ह्यांची कंपनीची बस साडेसहाला, त्यामुळे ह्यांचीही झोप मोडते.

शी-शू कुठेही. पाऊस असला की अंगणात पाय ठेवत नाही, आणि पाऊस तर थांबतच नाही. जरा उघडीप मिळाली की नेमकी तुळशीवृंदावनापाशी जाऊन बसते. सासूबाईंनी दोनदा पाहिलं. त्या कुत्र्याच्या विरोधात नाहीत, त्यांच्या माहेरी नेहमी कुत्री होती. पण 'कुत्रं अंगणातलं, ते घरात नको आणि तुळशीपाशी तर नकोच' असं त्यांचं म्हणणं. मला ते चूकही वाटत नाही.

चावते. परकराची झालर, पायाची बोटं, हात. काल लेकीच्या घोट्याला दात लागून थेंबभर रक्त आलं, मी हळद दाबली.

आणि पोदेर, म्हणजे आमचा पाववाला. सकाळी त्याच्या सायकलचा भोंगा पोंय पोंय वाजला की ही बाकाखाली घुसते आणि तिथेच मुतते.

कुठून सुरुवात करू?


साळनदी | १० जुलै, सकाळी ६:२०

शेवंतीताई, अभिनंदन आणि धीर धरा. बाकीचं जाणकार सांगतील, रात्रीचं मी सांगते. सात आठवड्यांचं पोर आजवर कधी एकटं झोपलेलंच नाही. आईच्या पोटाशी, भावंडांच्या ढिगात झोपायचं ते एकदम पडवीत, अंधारात, वर पत्र्यावर पाऊस. ती हट्ट करत नाही, ती हाका मारते आहे.

पुठ्ठ्याचं उंच खोकं घ्या, तळाला जुनी साडी, आणि ते तुमच्या खाटेला लावून ठेवा. रडली की दिवा न लावता हात खाली सोडा, बोटं हुंगू द्या. गरम पाण्याची बाटली पंचात गुंडाळून दिली तर आमची शांत झोपायची (बाटलीचं झाकण घट्ट बघा, आणि पाणी कोमटच हवं). आठवड्याभराने खोकं रोज हातभर दाराकडे सरकवा. तीन आठवड्यांत पडवीपर्यंत पोचाल.


गुरांचा_डॉक्टर | १० जुलै, सकाळी ७:०५

बाकी सगळं नंतर. आधी मुलीचा घोटा.

शेवंतीताई, रक्त आलेलं असेल तर आजच, सकाळीच मुलीला सरकारी इस्पितळात न्या. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. काल धुतली असेल तरी पुन्हा धुवा. हळद, चुना, तिखट, काही लावू नका.

गोव्यात २०१४ पासून कुत्र्यांना रेबीजची लस टोचण्याची मोठी मोहीम चालली आहे, मिशन रेबीजची माणसं जाळी घेऊन गावोगाव फिरताना तुम्ही पाहिलीच असतील. २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीरही झालं. मी स्वतः हे काम जवळून पाहिलंय, मला त्याचा अभिमान आहे. पण 'नियंत्रित' म्हणजे 'संपला' नव्हे. पिल्लू रस्त्यावरचं, त्याच्या आईला लस होती की नाही ठाऊक नाही, आणि कातडी फुटून रक्त आलंय. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. लस वेळेवर घेतली तर वाचतो. ह्यात थांबून बघण्यासारखं काही नाही.

पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवाच, पण मुलीचे उपचार त्या दहा दिवसांसाठी थांबवायचे नाहीत.

जाऊन आलात की इथे कळवा.


मये_मास्तर | १० जुलै, सकाळी ९:३०

माझ्याकडे चाळीस वर्षांत सात कुत्री झाली. माझा अनुभव असा की सुरुवातीला कडक राहावे लागते. घरात घाण केली की मान धरून नाक त्यात घासावे आणि वर्तमानपत्राची गुंडाळी करून एक फटका. दोन-चार वेळांत समजते. रात्री रडले तर रडू द्यावे. उचलले की सवय लागते. खाटेजवळ खोके वगैरे शहरी लाड आहेत.


शेवंती | १० जुलै, दुपारी २:१५

डॉक्टर, आत्ताच आलो. जखमेच्या कडेने इंजेक्शन दिलं आणि दंडात लस. पुढच्या तारखा कार्डावर लिहून दिल्या आहेत, तिसरा दिवस, सातवा, असं करत शेवटची अठ्ठाविसाव्या दिवशी. लेक धीराची निघाली. मीच बाहेर येऊन रडले. एवढंसं पिल्लू, दुधाचे दात, त्याचं काय असं वाटलं होतं. तुम्ही लिहिलं नसतं तर गेलेच नसते. फार उपकार झाले.

ह्यांनी आणि मी पण दाखवून घ्यावं का? आम्हाला नुसते ओरखडे आहेत.


गुरांचा_डॉक्टर | १० जुलै, दुपारी २:४०

घ्या. रक्त न येता ओरखडा असला तरी लस लागते. उद्या लेकीचं कार्ड घेऊन दोघंही जा.

आता पिल्लाकडे येतो. तिच्या आईच्या लसीची माहिती नाही, म्हणजे अंगात संरक्षण किती आहे ते सांगता येत नाही. पहिली लस शनिवारी, मग दर तीन ते चार आठवड्यांनी एक, सोळा आठवड्यांची होईपर्यंत. मधला डोस चुकवू नका. 'एक टोचली, झालं' म्हणणाऱ्यांचीच पिल्लं पार्वोने (आतड्यांच्या विषाणूच्या आजाराने) आजारी होऊन माझ्याकडे येतात. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर, नंतर दरवर्षी. जंताचं औषध आता दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांपासून महिन्याला एकदा, सहा महिन्यांपर्यंत. दर वेळी वजन करून.

पार्वोचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. म्हणून डोस पुरे होईपर्यंत बाजार, बसस्टँड, समुद्रकिनारा, गटाराकडची वाट, जिथे अनोळखी कुत्री हगून जातात तिथे तिला जमिनीवर सोडायचं नाही. उलट्या, मलूलपणा, रक्ताचा घाण वासाचा जुलाब, ह्यातलं काहीही दिसलं तर त्याच तासाला दवाखाना. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

पावसात दुसरी भीती लेप्टोची. उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरतो, कुत्र्याला होतो आणि माणसालाही. कुळागरातल्या पाटाचं, डबक्याचं पाणी तिला पिऊ देऊ नका. ह्याची लस बहुतेक वेळा त्याच इंजेक्शनात असते, तरी विचारून घ्या.

आणि मास्तरकाका, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून सांगतो, नाक घासणं बंद करा. पिल्लाला मागच्या मिनिटाची शू आणि आत्ताचा मार ह्यांची सांगड घालता येत नाही. त्याला एवढंच कळतं की माणसासमोर मुतलं की मार बसतो. मग ते माणसाआड मुतायला शिकतं.


वळचण | १० जुलै, रात्री १०:१०

मी पेडण्याचा. आमच्याकडची पण जुलैचीच, त्यामुळे पावसातली शी-शू हा विषय अंगावरून गेलाय. जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तिला अंगण नको असं नाही, तिला अंगावर पडणारं पाणी नको. मग कोरडी जागा आपण द्यायची. तुमच्या घराला मागच्या दारी वळचण असेल, जिथे पागोळ्या पुढे पडतात आणि भिंतीलगत हात-दीड हात जमीन कोरडी राहते. तिथे एक जुनं गोणपाट पसरा, वर थोडी कुळागरातली माती आणि गवत टाका. घरात झालेली शू एखाद्या फडक्याने टिपा आणि ते फडकं त्या गोणपाटावर एकदा दाबा. वास लागला की जागा तिची झाली. ह्या वयात पायाखाली काय लागतं ह्याचीही सवय बसत असते. फरशीवर बसली तर फरशीची, मातीवर बसली तर मातीची. म्हणून सुरुवातीपासून मातीच द्या. वर्तमानपत्रावर शिकवलं तर उद्या सासूबाई पेपर वाचायला पसरतील आणि ही त्यावर बसेल.

दुसरी गोष्ट वेळा. झोपेतून उठली की, खाल्लं की पाच-दहा मिनिटांत, खेळ संपला की, आणि मधल्या वेळी दर दीड-दोन तासांनी. हाक मारून नेऊ नका, वाटेतच बसेल. उचला, थेट वळचणीखाली ठेवा, आणि तुम्ही गप्प उभ्या राहा. खेळायचं नाही, बोलायचं नाही. बसली की हळू आवाजात एकच शब्द, आम्ही 'शू शू' म्हणतो. उठली रे उठली की तिथल्या तिथे उकडलेल्या कोंबडीचा मुगाएवढा तुकडा तोंडात. घरात येऊन दिला तर तो घरात येण्याचा झाला, शू केल्याचा नाही. ह्या एका गोष्टीत आमचे दहा दिवस फुकट गेले. तुकड्यांची डबी मागच्या दाराच्या खुंटीला टांगा.

रात्री एकदा-दोनदा उठावं लागेल. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांवर धरवत नाही. खोकं खाटेजवळ असलं की कुजबुज ऐकू येते, म्हणून साळनदीताईंचा सल्ला ह्यालाही उपयोगी.

घरात झालीच तर? होत असताना दिसली तर टाळी नाही, ओरडणं नाही, 'ए ए' म्हणत उचला आणि बाहेर. झाल्यावर दिसली तर काही करू नका, पुसा. फिनेलचा वास आपल्या नाकाला पुरतो, तिच्या नाकाला खालचा वास येतच राहतो, शिवाय ओलं फिनेल ती चाटते ते वेगळं. आधी पाण्याने, मग पांढरं व्हिनेगर पाणी घालून, आणि कोरडं.

तुळशीचं सोपं आहे. तिला तिथे एकदा वास लागलाय म्हणून जाते. वृंदावनाभोवती महिनाभर झावळ्यांचं गुडघाभर कुंपण करा, सासूबाईंना पाणी घालायला एका बाजूने वाट ठेवा. वृंदावन धुऊन घ्या, पाऊस बाकीचं काम करेल.


पोर्वरी३०२ | ११ जुलै, सकाळी ८:००

वळचण ह्यांना अनुमोदन. फ्लॅटवाल्यांसाठी भर: बाल्कनीत प्लास्टिकच्या पसरट ट्रेमध्ये माती-गवत घालून हेच होतं. माती दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर शेजारी दारात येतात.


वास्कोची_मावशी | ११ जुलै, दुपारी ३:३०

चावण्याचं कुणी घेतलं नाही म्हणून लिहिते. माझी दोन मुलं आणि एक लॅब्रॅडोर एकाच वर्षी लहान होते, त्यामुळे माझे परकर, पडदे, चपला सगळं ह्यातून गेलंय.

पिल्लू भावंडांत वाढतं तेव्हा जोरात चावलं की भावंड कळवळून खेळ सोडून जातं. त्यातून त्याला आपल्या दातांची ताकद कळते. तुमची तांबडी भावंडांपासून लवकर तुटली आहे, तो धडा आता तुम्हाला द्यायचा आहे. दात लागला की हात झटकू नका, झटकला की तो उंदीर होतो. हात सैल सोडा, खेळ थांबवा, उठून तिच्याकडे पाठ करा. मोजून वीस सेकंद. परत या. पुन्हा चावली, पुन्हा उठा. पहिल्या दिवशी पन्नास वेळा उठावं लागतं.

मुलीला एक शिकवा, झाड व्हायचं. पळाली, किंचाळली तर पिल्लाला तो खेळ वाटतो. हात काखेत, नजर वर, गप्प उभं. आणि लसीचा कोर्स चाललाय तोवर लेक आणि पिल्लू जमिनीवर एकत्र असताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच. हे मी सल्ला म्हणून नाही, कळकळीने सांगते आहे.

अजून एक जे मला फार उशिरा कळलं. संध्याकाळी सहा-सातला पिसाळल्यासारखी चावत सुटते ना? ती दमलेली असते. ह्या वयात दिवसाचे अठरा-वीस तास झोप लागते, आणि घरात मूल असलं की तिला कुणी झोपू देत नाही. तासभर जागी, मग खोक्यात अंधार करून झोप. असं चार दिवस करा आणि चावणं किती उतरतं ते बघा.

चघळायला जुना टॉवेल गाठ मारून ओला करून फ्रीजरमध्ये ठेवा. गाजर गार करून द्या.


मये_मास्तर | ११ जुलै, संध्याकाळी ६:१५

चघळायला नारळाचे सोडण उत्तम. आमच्याकडे तेच देत असू.


गुरांचा_डॉक्टर | ११ जुलै, रात्री ९:००

सोडण नको. तंतू गिळले की आतड्यात गोळा होतो. करवंटीच्या कपच्या हिरडीत घुसतात. शिजवलेली हाडं, मग ती कोंबडीची असोत की बकऱ्याची, नकोत, फुटून टोकं होतात. काजूच्या बिया वाळत घालता तिथे तिला सोडू नका, सालीतल्या तेलाने तोंड भाजतं.

खाण्याचंही सांगून टाकतो. दिवसातून चार वेळा. पिल्लांचं तयार खाणं परवडत असेल तर तेच सोपं. घरचं द्यायचं तर मऊ भात, उकडलेली कोंबडी किंवा अंडं, थोडा भोपळा, मीठ-मसाला-तेल काही नाही. बांगडा उकडून, काटे बोटांनी चाचपून काढून दिला तर आवडीने खातात. कांदा-लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट वर्ज्य. आपल्या जेवणातलं हुमण, शागोती तिला नको, त्यात कांदा-लसूण असतोच. गाईच्या दुधाने बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात, दूध म्हणजे प्रेम ही समजूत सोडा. आणि माणसांच्या पॅरासिटामोलची गोळी कधीही नाही.

गोचीड रोज संध्याकाळी बघा, कानात, बोटांच्या बेचक्यांत, काखेत. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल लावू नका. औषध वजनावर ठरतं, दवाखान्यातून घ्या.


शेवंती | १६ जुलै, रात्री १०:४५

आठवडा झाला, हिशेब देते.

खोकं खाटेजवळ आलं त्या रात्री अर्धा तास कुरकुरली आणि झोपली. सासूबाईंशी आधी बोलले. म्हटलं, महिनाभर रात्री आमच्या खोलीत, दिवसा पडवीत, देवघर आणि स्वयंपाकघराचा उंबरा कधीच ओलांडणार नाही. त्या म्हणाल्या, उंबऱ्याचं पाळाल तर माझं काही म्हणणं नाही. ह्यांनी उंबऱ्यावर फळी लावून दिली.

वळचणीखालचं गोणपाट चौथ्या दिवशी लागू पडलं. काल दिवसभरात घरात फक्त एकदा. डबी खुंटीला टांगलीच आहे. पण एक घोटाळा दिसला. मी 'शू शू' म्हणते, हे 'चल कर' म्हणतात, लेक 'गुड गर्ल' म्हणत मध्येच उचलते. तिची बसलेली शू तशीच राहते आणि घरात येऊन होते. मग रविवारी चौघं बसून शब्द ठरवले आणि कागदावर लिहून दारामागे लावले. शूसाठी 'शू शू', बोलवायला 'तांबू ये', सोडायला 'सोड'. सासूबाईंनी त्यात स्वतःचा एक घातला, 'भायर', म्हणजे उंबऱ्यापासून मागे हो. तो ती सगळ्यात आधी शिकली. सासूबाई एकदाच, एकाच सुरात म्हणतात, म्हणून असावं.

चावणं आहे, पण संध्याकाळच्या झोपेने खरंच फरक पडला. मावशी, तुम्हाला नमस्कार.

पोदेराचा भोंगा मात्र तसाच.


साळनदी | १७ जुलै, सकाळी ७:१०

पोदेराचं मी सांगते, आमच्या गल्लीत पोदेर, नुस्तेंकार (मासेवाला), गॅसवाला सगळे वाजवत येतात.

तीन आठवड्यांपासून साधारण चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लाचं मन उघडं असतं. ह्या काळात जे सुखाने भेटतं ते जन्मभर साधं वाटतं, जे दचकवतं ते जन्मभर बोचतं. तुमच्या हाताशी सहा आठवडे आहेत. म्हणून 'लसी पुऱ्या होईपर्यंत घरात कोंडा' हा अर्धा सल्ला आहे. जमिनीवर सोडू नका, पण कडेवर घेऊन बाहेर न्या. टोपलीत घालून स्कूटरवर ठेवा, देवळाच्या बाहेर दहा मिनिटं लांबून घंटा ऐकवा, छत्रीवाली माणसं, दाढीवाली माणसं, शाळेची पोरं दिसू द्या.

भोंग्यासाठी मोबाइलवर पोदेराचा आवाज टिपून घ्या. जेवणाच्या वेळी अगदी बारीक आवाजात लावा, इतका की तिचा कान हलेल पण ती खाणं सोडणार नाही. आवाज, तुकडा, आवाज, तुकडा. दोन-तीन दिवसांनी एक घर वाढवा. तिने खाणं सोडलं तर तुम्ही घाई केलीत, एक घर मागे या. खरा पोदेर येतो तेव्हा तिला घरात सगळ्यात आतल्या खोलीत ठेवा आणि तिथे तुकडे द्या. मग रोज एक-एक खोली पुढे. शेवटी त्याला सांगा, भोंगा न वाजवता ये आणि एक तुकडा लांबून टाक. आमच्या पोदेराने आनंदाने केलं.

बाकाखालून तिला ओढून काढू नका. तिथे तिला सुरक्षित वाटतं, ती जागा तिची राहू द्या.


मये_मास्तर | १९ जुलै, दुपारी ४:४०

डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून मी आठवडाभर काही लिहिले नाही. विचार करत होतो.

आमचा मोती म्हणून एक कुत्रा होता. तो कधीही आमच्यासमोर लघवी करीत नसे. साखळीला धरून फिरवले तर तासभर थांबून राही आणि घरी सोडले की भाताच्या कोठीमागे जाऊन करी. त्याला मी लबाड म्हणत असे आणि मारत असे. बारा वर्षे तो तसाच राहिला. तो लबाड नव्हता, मला भीत होता, हे आज ध्यानात आले. बाईमाणसांनी आणि डॉक्टरांनी सांगितले ते बरोबर आहे. माझा १० जुलैचा सल्ला कोणी पाळू नये.


गुरांचा_डॉक्टर | १९ जुलै, रात्री ८:३०

काका, हे जाहीर लिहायला मन मोठं लागतं. तुमचा प्रतिसाद माझ्या दवाखान्यात येणाऱ्यांना वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर.


मये_मास्तर | २० जुलै, सकाळी ७:००

दाखवा.


शेवंती | २८ ऑगस्ट, दुपारी १:२०

बरेच दिवस आले नाही. लेकीचे सगळे डोस झाले, तांबडीला गेल्या आठवड्यात रेबीजची लस टोचली. वजन साडेसहा किलो. चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली म्हणून घरात साफसफाई आणि हिचे दुधाचे दात पडताहेत, केरात एक मिळाला.

पोदेराचं आता असं आहे की भोंगा वाजला की ती बाकाखाली जात नाही, फाटकाकडे बघते आणि मग माझ्याकडे बघते. मी तुकडा देते. पोयचा (पावाचा) लहानसा कोरडा तुकडा तो स्वतःही टाकतो. मात्र नुस्तेंकाराच्या भोंग्याला भुंकते, अजून. तो आवाज वेगळा असल्यामुळे त्याचं पहिल्यापासून सगळं करावं लागतंय.

गोणपाट दर चार दिवसांनी दोन पावलं कुळागराकडे सरकवत नेलं. परवापासून ते काढून टाकलं. ती पोफळीच्या कडेला जाऊन येते, बारीक पाऊस असला तरी. जोराचा असला तर वळचणीखालीच, आणि ते आम्ही चालवून घेतो. झावळ्यांचं कुंपण सासूबाईंनी स्वतः उचललं.

आता प्रश्न चवथीचा. घरात दीड दिवसाचा गणपती, पंचवीस माणसं, घुमट आरती (घुमट म्हणजे मातीचं वाद्य), फटाके.


वळचण | २८ ऑगस्ट, रात्री ९:५०

घुमट आत्तापासून ऐकवा, मोबाइलवर, भोंग्याच्याच पद्धतीने. आरतीच्या वेळी मागच्या खोलीत एक माणूस तिच्याबरोबर आळीपाळीने. पाहुण्यांच्या पोरांना झाडाचा खेळ आधी शिकवा. नेवरी, मोदक, मनुका घातलेलं काहीही जमिनीवर पडू देऊ नका. फाटकाला कडी आणि कुणीतरी जबाबदार. गर्दीत सगळ्यात जास्त कुत्री फाटकातूनच हरवतात. गळ्यात पट्टा आणि त्यावर तुमचा फोन नंबर आजच घाला.


शेवंती | २९ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:००

चवथ नीट पार पडली. आरतीला मागच्या खोलीत सासूबाई स्वतः बसल्या होत्या तिच्यापाशी, म्हणाल्या गुडघे दुखतात, उभं राहवत नाही.

उद्या नरकासुराची रात्र. आमच्या वाड्यावर पोरांनी नरकासुराचा मोठा पुतळा केलाय, रात्रभर मोठे स्पीकर आणि पहाटे दहन. तांबडी पाच महिन्यांची. काय करू?


गुरांचा_डॉक्टर | २९ ऑक्टोबर, रात्री ८:१५

शक्य असेल तर त्या रात्री लांबच्या शांत वाड्यावर नातेवाइकांकडे घेऊन जा, पण ओळखीचं घर असेल तरच. नाहीतर घरातच, सगळ्यात आतली खोली, खिडक्यांना गोधड्या, पंखा जोरात, रेडिओ चालू. संध्याकाळी सहाला लांब फिरवून आणा, दमू द्या, आवाज सुरू व्हायच्या आधी शी-शू आणि जेवण उरका. रात्री फिरायला बाहेर काढू नका, खोलीतच कोपऱ्यात ते जुनं गोणपाट पसरा. घाबरली तर जवळ घ्या. जवळ घेतल्याने भीती वाढते हे खरं नाही. लपली तर लपू द्या. स्वतःच्या मनाने झोपेची गोळी देऊ नका.


शेवंती | ३१ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

आतल्या खोलीत मी आणि लेक दोघी तिच्याबरोबर झोपलो. अकराला स्पीकर सुरू झाले तशी थरथरायला लागली. खाटेखाली गेली, मी खाली चटईवर आडवी झाले, पाठ तिच्या पाठीला लावून. साधारण एक वाजता थरथर थांबली. टॉवेल चघळत बसली. चारला दहनाच्या वेळी एकदा भुंकली, मग गोणपाटावर जाऊन शू केली. दोन महिन्यांनी पसरलं होतं ते, तरी बरोबर आठवलं तिला.

सकाळी कारीट फोडून झाल्यावर सालं लगेच उचलून टाकली, ती तोंडात घालेल म्हणून. आता पडवीत उताणी झोपली आहे. पोदेर येऊन गेला, उठलीसुद्धा नाही.

सोमवारी वजनाला आणि नसबंदीची तारीख ठरवायला नेते आहे. सहा महिन्यांच्या आसपास करावी असं दवाखान्यात म्हणाले होते. त्यानंतर टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात ते नरसाळं घालतात, त्याची सवय आधीपासून कशी लावायची, कुणी केलंय का?


वास्कोची_मावशी | ३१ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

केलंय. नरसाळं आठवडाभर आधी आणा. पहिल्या दिवशी नुसतं जमिनीवर ठेवून त्यात तुकडा टाका, ती स्वतः डोकं घालेल. आमच्याकडे पाच दिवस लागले.